आधी जेवून घ्या

वऱ्हाडात माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न येतो, 'जेवले काय?' सकाळी आठला विचारतात आणि दुपारी चारलाही विचारतात. उत्तराकडे कुणाचं लक्ष नसतं. पण आर्णीपासून बसने तासाभरावरच्या ज्या बाजारगावात मी सत्तावन्न ते त्रेसष्ट ही वर्षं तारबाबू म्हणून काढली, तिथे हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. मला हे कोण सांगणार? रुजू होऊन चार दिवस झाले होते, शेजारची म्हातारी ओट्यावर तूर निवडत होती, तिला मी मोठ्या आपुलकीने विचारून बसलो. तिने पदर तोंडाशी नेला, सूप बाजूला सारलं आणि मलाच विचारलं, "कोन गेलं?"

ह्याला कारण एक माणूस होता, आणि तो माझ्याच कचेरीत माझ्यासमोर बसत असे. उकंडा मनवर, आमचा तारशिपाई. गावच्या नाटक मंडळातला नटही तोच. मी त्यांना उकंडभाऊ म्हणायचो, ते मला बाबूजी. वयाने ते माझ्याहून सोळा-सतरा वर्षांनी मोठे असतील.

नावाची गोष्ट त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितली. आधीची तीन भावंडं वाचली नाहीत, म्हणून ह्यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, मग उचलून आणलं आणि नाव ठेवलं उकंडा. मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे, ह्याच्यात नेण्यासारखं काही नाही. "फसलं थे तवा," ते म्हणाले. "पन तवापासून माया मांगं हाय. मले नेत नाही बाबूजी, मायाच हातून कामं करून घेते." हे सांगताना ते हसत होते. पण त्यांचं हसणं त्यांच्या तोंडावर दिसत नसे, ही त्यांची खरी अडचण होती.

त्यांचं तोंड एकदा पाहिलेला माणूस विसरत नसे. लांबट, देवीच्या व्रणांनी भरलेलं, भुवया जवळजवळ नाहीतच, डावी पापणी कायमची अर्धी मिटलेली. आवाज असा की 'पाऊस येईल बहुतेक' म्हणाले तरी ऐकणाऱ्याने छत्री घ्यायच्या आधी घरची माणसं मोजावीत. नाटकाच्या दिवशी सगळ्यांची तोंडं रंगवायला रहीमचाचा यायचे, एरवी त्यांचं लुगडी रंगवायचं दुकान होतं. उकंडभाऊंसमोर ते डबा बंद करून म्हणायचे, "इनको क्या लगाऊं? ये तो घर से ही तैयार होके आते हैं." उकंडभाऊ मान डोलवायचे. विनोद त्यांना आवडायचा. आपल्यावरचा असला तरी आवडायचा.

आता त्या प्रश्नाचं सांगतो. मनवरांच्या घराकडे गावकीतलं एक काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. गावात कुणी मेलं की परगावच्या सोयऱ्यांना ती खबर पायी नेऊन द्यायची. मोबदल्यात खळ्यावरची ज्वारी, आणि ज्यांच्याकडे खबर नेली त्यांनी दुरून टाकलेला तुकडा. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, आत यायचं नाही. उकंडभाऊंच्या बापाने हे काम जन्मभर केलं आणि पोराला एक रीत शिकवून ठेवली. खबर कानावर पडली की त्या घरातली चूल विझते, शिजलेलं अन्न फेकलं जातं आणि पोरंबाळं उपाशी राहतात. म्हणून आधी विचारायचं, जेवले काय? नसतील जेवले तर थांबायचं. कापूस कसा आहे, म्हैस कधी वेणार, असलं काहीबाही बोलत राहायचं. घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेव्हा तिचा घास संपेपर्यंत थांबायचं. मगच सांगायचं. "मेलेलं मानूस कोठी जात नाही," बाप म्हणायचा. "जित्याचं पोट आधी."

चांगली रीत होती. ज्याने ती पहिल्यांदा पाळली त्याचं काळीज मोठं असणार. पण चाळीस वर्षं बाप आणि मग लेक दारात येऊन तेच विचारत राहिले, आणि पंचक्रोशीत त्या प्रश्नाचीच धास्ती बसली. माया करायला गेलेल्या शब्दांचं असं झालं.

छप्पन सालच्या दसऱ्याला उकंडभाऊंच्या वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. आल्यावर त्यांनी गावाला सांगून टाकलं की गावकीची कामं बंद. मेलेली ढोरं ओढणार नाही, खबरी नेणार नाही. गावाने मग वस्तीला मजुरी बंद केली, दुकानदारांनी मीठमिरची देणं बंद केलं. दोन-अडीच महिने तसे गेले. वस्तीतल्या मोठ्या माणसांत लिहायला-वाचायला येणारे उकंडभाऊच, त्यामुळे टपाल कचेरीत शिपायाची जागा निघाली तेव्हा ती त्यांना मिळाली. काम काय, तर तारा वाटणं. आणि आमच्या भागात तार बहुतेक दोनच वेळा यायची, कापसाच्या व्यापाऱ्याला भाव कळवायला किंवा कुणी गेल्यावर. म्हणजे ज्या कामाला नुकतं नाही म्हटलं, तेच काम खाकी कोट चढवून दारात आलं.

मी एकदा हे त्यांना बोलून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी सायकलच्या चाकात हवा भरता भरता सांगितलं, "पह्यले मले अंगनाच्या कडेले उभं करत होते. आता खाट टाकतात, सही देतात. काम थेच हाय बाबूजी. मी थो नाही राह्यलो." माझ्या आजवरच्या वाचनात ह्याच्याइतकं थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

तारेतला मजकूर शिपायाला सांगायचा नाही असा नियम. पण तारा इंग्रजीत, गावात इंग्रजी वाचणारे चार, आणि ज्याला तार मिळायची तो ती घेऊन शेवटी माझ्याच खिडकीशी यायचा. म्हणून लिफाफा देताना मी नुसती मान हलवायचो, बरी की वाईट. बरी असली की उकंडभाऊ कोपऱ्यापासून सायकलची घंटी वाजवत जायचे, घरचे हसत बाहेर यायचे. वाईट असली की घंटी वाजत नसे. त्यांच्या सायकलचं मागचं मडगार्ड सैल होतं, तेवढंच खडखडायचं. तो खडखडाट आळीत शिरला की दोन्ही बाजूंच्या बाया दाराच्या आड उभ्या राहून तो कुणाच्या दाराशी थांबतो ते ऐकायच्या. मी मडगार्ड बसवून घ्या म्हणालो. ते म्हणाले, राहू द्या, लोकांना तेवढाच वेळ मिळतो.

नाटकात ते कसे आले, तेही सांगण्यासारखं आहे. पूर्वी वस्तीच्या दंडारीत, म्हणजे रात्रीच्या सोंगांच्या खेळात, ते यमाचं सोंग घ्यायचे. दीक्षा घेतल्यावर देवादिकांची सोंगं सुटली, पण अंगातला नट कुठे जातो? ते मुळे मास्तरांकडे गेले. मुळे मास्तर शाळेचे हेडमास्तर, दर शारदोत्सवाला स्वतःच नाटक लिहायचे, बसवायचे आणि पडदा ओढायला माणूस मिळाला नाही तर पडदाही ओढायचे. मंडळात कुरकुर झाली, एका खोलीत बसून कपडे बदलायचे का म्हणून. पण मास्तरांची एक पंचाईत होती. त्यांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी मरायचं, आणि मरणाची खबर घेऊन येणारा, फाशी देणारा, विष कालवणारा ही कामं करायला गावात कुणी तयार नसे. अपशकून नको, घरी बायकापोरं आहेत. ती सगळी कामं उकंडभाऊंना मिळाली. मंडळाने त्यांना मनाने घेतलं असं काही नव्हतं, नडीला घेतलं.

मी त्या नाटकांचा प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून कंदिलाच्या उजेडात वही धरायची आणि कुणी अडला की हळू आवाजात पुढची ओळ द्यायची. तिथून मी उकंडभाऊंची सहा वर्षांतली झाडून सगळी कामं पाहिली. दहा मिनिटांच्या वर एकही नव्हतं. हँडबिलावर नाव 'आणि इतर' मध्ये. पण ते आत आले की मांडवातली पोरंसुद्धा गप्प व्हायची. एका नाटकात ते जेलर होते, कैद्याला नुसतं म्हणायचं होतं, 'चला.' ते आले, त्यांनी कैद्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटन लावून दिलं आणि मग 'चला' म्हणाले. पुढच्या रांगेतला पाटील उठून बाहेर गेला, तो परत आला नाही. बटन लावायचं वहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, घेऊन जाणारा माणूस हात हळू लावतो, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

अशा माणसाला हवं काय होतं, तर कुणीतरी हसावं. एवढंच. दर साली नाटकाचं वाचन झालं की ते मास्तरांना एका बाजूला घेत आणि एखादं हसण्याचं काम मागत. दर साली मास्तर त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि 'पुढल्या साली' म्हणत. "तोंड पाहून सोंग देतात बाबूजी," ते मला म्हणायचे. "एकडाव. एकडाव कोनी माया तोंडाकडे पाहून हासावं. मंग नाटक सोडून देईन."

साठ साली त्यांचा एकुलता पोरगा सुखदेव पलटणीत भरती झाला. पोराच्या अंगावर वर्दी चढायच्या आधीच ह्यांनी कचेरीत पेढे वाटले. आणि त्याच महिन्यापासून त्यांना एक खोड लागली. माझं यंत्र कडकट्ट करायला लागलं की ते हातातलं काम थांबवून माझ्या पेन्सिलीकडे बघत राहायचे. तार पुरी झाली, नाव दुसऱ्याचं निघालं, की कोटाच्या खिशातून सुपारी काढायचे. एका दुपारी त्यांनी विचारलं, "बाबूजी, माया घरची आली तं कोन नेईन?" मी म्हटलं, भलतं काय बोलता. ते म्हणाले, भलतं नाही, कचेरीत आपण दोघंच आहोत, मी तर माझी मला नेणार नाही. मग त्यांनी चक्क मला शिकवायला घेतलं. कागद हातात धरायचा नाही, आतल्या खिशात ठेवायचा. दारात उभं राहायचं नाही. उसासा टाकायचा नाही. तोंडावर काही येऊ द्यायचं नाही. मी करून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "तुमचं तोंड कच्चं हाय. समोरच्याले फाटकातच समजन." मी हसण्यावारी नेलं. माझी ती सवयच होती.

एकसष्टच्या शारदोत्सवात मास्तरांनी त्यांना काम दिलं. नाटकाआधी एक फार्स होता. एक पाहुणा लग्नघरी येतो आणि जेवणच आटपत नाही, एवढीच गोष्ट. हावरा पाहुणा म्हणजे उकंडभाऊ. दोन महिने आमची तालीम कचेरीच्या मागच्या पडवीत, मी वही धरून आणि ते पोटाला उशी बांधून. पाहुणा गैरहजर सोयऱ्यांच्या नावाने भाकरी खात सुटतो. 'हे मामाच्या वाटनीची, थो काही आला नाही. हे काकाच्या वाटनीची, त्याचे दात पडले. हे पोराच्या वाटनीची, पोरगं दूर हाय, त्याचीबी मीच खातो. अन् हे माया वाटनीची, मी तं आताच बसलो.' ती पडेल पापणी, तो खोल आवाज आणि ते भाकरीकडे प्रेमाने पाहणं, मी स्टुलावरून पडायचा बाकी राहायचो. पण माझं हसणं ते धरत नसत. म्हणायचे, तुम्ही पगारी माणूस, तुम्ही पब्लिक नाही.

आमच्याकडे नाटकाचा एक खेळ बायकांसाठी वेगळा, दुपारी होई. त्या साली तोच आधी लावला. मांडव बायकांनी भरलेला, वस्तीतल्या बाया मागच्या बाजूला, त्यांच्यात उकंडभाऊंची बायको सगुणाबाई. पडदा वर गेला, लग्नघर दिसलं, आणि उकंडभाऊ पोट सावरत आत आले. पहिलंच वाक्य होतं, 'जेवले काय? नसाल जेवले तं वाढा, मीबी बसतो.'

ते 'जेवले काय?' म्हणाले आणि थांबले. हसण्यासाठी थांबायचं असं आम्ही ठरवलं होतं.

मास्तर दारव्ह्याकडचे, मी परगावचा, तूर निवडणाऱ्या त्या म्हातारीला विसरून गेलेला, आणि उकंडभाऊंनी तो प्रश्न आयुष्यभर विचारलेला, ऐकलेला नव्हे. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे वाक्य ह्या गावात, ह्या तोंडून, हसण्यासाठी वापरता येत नाही. मांडवात आधी काहीच आवाज नव्हता. मग मधल्या रांगेत गिरजाबाई उठली. तिचा नवरा कोळशाच्या खाणीत कामाला होता. तिने कपाळावर हात मारला आणि सूर धरला. तिच्यामागे दुसरी उठली, जिचा लेक नागपूरला होता. पोरं कडेवर घेऊन बाया वाटेल तिकडून बाहेर पडल्या, आपापल्या घरी, आपापली माणसं आहेत की नाहीत ते पाहायला. पाच मिनिटांत मांडवात सतरंज्या उरल्या आणि कुणाच्या तरी लेकराच्या पायातला एक चाळ.

कुणाला काही झालेलं नव्हतं. गिरजाबाईच्या नवऱ्याचं पत्र चार दिवसांनी आलं, खुशाल होता. तरी गावात बोलणं निघालं की उकंड्याने विचारून ठेवलं आहे, कुठेतरी कुणीतरी जाणार. पुढचा खेळ मास्तरांनी फार्स गाळून केला.

त्या दुपारी मी विंगेत गेलो तेव्हा ते पोटाची उशी तशीच बांधून बसले होते. "पुढचं सगळं पाठ हाय बाबूजी," ते म्हणाले. "कोनी आयकलंच नाही." मग उशीची गाठ चाचपत, "सुखदेवच्या मायले लय पाह्यचं होतं." बायकोचं नाव ते घेत नसत, जुन्या वळणाप्रमाणे तिला पोराच्या नावाने हाक मारत. मला त्यांची इतकी कीव आली की मी तिथून उठून गेलो. बसायला हवं होतं.

बासष्टच्या दिवाळीच्या तोंडावर चीनच्या सीमेवर लढाई सुरू झाली. सुखदेवची पलटण तिकडेच होती. त्याची पत्रं यायची बंद झाली. गावाचं वागणं बदललं, ज्या आळीत उकंडभाऊंची सायकल नको असायची तिथल्याच बाया त्यांना थांबवून पोराची खबर विचारू लागल्या. ते सगळ्यांना एकच उत्तर देत, तिकडे थंडी फार आहे, बोटं वळत नसतील लिहायला. यंत्र वाजलं की मात्र ते आता पेन्सिलीकडे बघत नसत. उठून बाहेर जात, आणि मी हाक मारेपर्यंत सायकल पुसत. लढाई थांबल्याची बातमी आली. गावात लोकांनी गूळ वाटला. उकंडभाऊंनी तो खाल्ला नाही, कागदात बांधून कोटाच्या खिशात ठेवला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दुपारी साडेबाराला, ते जेवायला घरी गेलेले असताना ती तार आली. पहिल्या चार शब्दांतच मला कळलं. हात शिकवल्याप्रमाणे चालत राहिला, सगळी उतरवून घेतली, वेळ टाकली, शिक्का मारला. मग ती आतल्या खिशात ठेवली आणि कचेरीला कुलूप लावून निघालो.

वस्ती नाल्यापलीकडे. बाजाराचा दिवस नव्हता, ऊन मवाळ होतं, जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या बैलबंड्या रस्त्यात उभ्या होत्या. मी त्यांच्या मधून वाट काढत गेलो आणि सगळा रस्ता त्यांनी शिकवलेलं घोकत गेलो. उसासा नाही. दारात उभं राहायचं नाही. तोंडावर काही नाही.

तुराट्यांचं फाटक, आत सारवलेलं अंगण, कुडाला टेकलेली सायकल. उकंडभाऊ नुकतेच हातपाय धुऊन गमछ्याने तोंड पुसत होते. सगुणाबाई चुलीशी होती, मधलं दार उघडं होतं. सहा वर्षांत मी त्या अंगणात चार-पाच वेळा आलो असेन, पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो, हे सांगायची आज लाज वाटते. मी खाटेवर बसलो. कापसाचं काहीतरी बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं:

"उकंडभाऊ, जेवले काय?"

गमछा त्यांच्या गालावरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कोटाच्या खिशाकडे. उजवा डोळाही क्षणभर डाव्यासारखा अर्धा मिटला. मग त्यांनी गमछा खांद्यावर टाकला, पोट पुढे काढलं आणि घराकडे तोंड करून मोठ्या आवाजात म्हणाले, "नसाल जेवले तं वाढा, मीबी बसतो. अन् जेवले असाल तं माया एकट्यापुरतं वाढा, मी काही लाजत नाही."

फार्समधलं पुढचं वाक्य. गेल्या साली कुणी न ऐकलेलं.

सगुणाबाई दारात आली. हे काय म्हणून विचारायला लागली. त्यांनी तिला बोलू दिलं नाही. बाबूजी आले आहेत, आज नाटक दाखवतो, पण लग्नघरची मालकीण पाहुण्यासोबत बसून जेवते असं मास्तरांनी लिहिलं आहे, तेव्हा तू बसल्याशिवाय नाटक सुरू होणार नाही. असं काही मास्तरांनी लिहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, आधी तुम्ही जेवा, मी मागून घेते. "नाही. आता बस सुखदेवची माय. एकडाव आइक." ती मला पाहून संकोचली. मग तीन ताटल्या आणल्या, एक माझ्यापुढेही ठेवली. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. मी पहिल्यांदा त्या घरचा घास तोंडात घातला.

उकंडभाऊंनी फार्स सुरू केला. मी त्यांची सगळी कामं पाहिली आहेत, असं काम पाहिलेलं नाही. भाकरीला हात लावायच्या आधी त्यांनी तिची विचारपूस केली, प्रवासाचा त्रास झाला का म्हणून. ठेच्याला दुरून नमस्कार केला. 'हे मामाच्या वाटनीची, थो काही आला नाही.' सगुणाबाईने पदर तोंडाला लावला. 'हे काकाच्या वाटनीची, त्याचे दात पडले.' तिचे खांदे हलायला लागले. बोलता बोलता ते तिच्या ताटलीकडे बघत होते, घास किती उरले ते. ती थांबली की तेही थांबायचे, तिने घास उचलला की पुढे जायचे. त्यांनी पुढचा तुकडा मोडला, वर धरला, "हे..." म्हणाले आणि तिथेच राहिले.

पुढचं वाक्य मला येत होतं. पोराच्या वाटणीचं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, भाकरीकडे पाहत होते. मी प्रॉम्प्टर. मी ती ओळ गाळली आणि हळू आवाजात तिच्या पुढची दिली, "अन् हे माया वाटनीची."

"अन् हे माया वाटनीची," त्यांनी उचललं. "मी तं आताच बसलो."

सगुणाबाई हसली. मान खाली घालून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता तिने ताटलीतला शेवटचा घास भाजीत बुडवून खाल्ला, वर पाणी प्यायली.

उकंडभाऊ उठले. अंगणात जाऊन त्यांनी हात धुतले, खुंटीवरचा खाकी कोट घातला, गळ्यापर्यंत सगळी बटनं लावली आणि माझ्यापुढे हात केला. "आना बाबूजी. तुमाले नाही जमाचं." मी तार दिली. ती घेऊन ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले. शेकडो घरी ज्यांनी सांगितलं होतं, त्यांचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मी वाट पाहिली. देण्यासारखी ओळ माझ्याकडे कुठली?

सगुणाबाई खालीच बसली होती. तिने तिन्ही ताटल्या एकात एक ठेवल्या.

"सांगू नोका," ती म्हणाली. "बाबूजी फाटकात आले तवाच समजलं मले. तुमी इतकं चांगलं करत होते, मनलं पुरं होऊ द्यावं." मग म्हणाली, "मी हासली, थे खरंच हासली."

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. निघताना उकंडभाऊ बसथांब्यावर आले होते, पण मला ते तिथले आठवत नाहीत. आठवतात ते अंगणातले, गळ्यापर्यंत बटनं लावलेले, हातात तार घेऊन बायकोसमोर उभे, आणि सांगायचं काही न उरलेले.